चार नंबरवर कोण

३ नोव्हेंबर, सोमवार

नवी वही, नवी नोकरी. बावीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये गाड्या आणि जनरेटर दुरुस्त केले आणि रोज संध्याकाळी चार ओळी लिहिल्या. पेन्शनीत उंब्रजला घरी आलो तशी ती सवय मोडली. लिहायला होतंच काय? सकाळी उसाला पाणी, दुपारी झोप. सहा महिन्यांत ही कंटाळली. म्हणाली, आता कुठंतरी कामाला जावा, न्हाईतर म्हशींनापण परेड करायला लावाल.

तर आज माधवनगरला हजर झालो. पद सुरक्षा अधिकारी. लेकीनं, शिवांजलीनं, लगेच सगळ्या पाव्हण्यांना फोन करून टाकले.

कारखाना लहानच. पत्रा कापून-दाबून ट्रॅक्टरच्या पट्ट्या, बिजागऱ्या, वायसर करतात. सहा पॉवर प्रेस, एकोणीस माणसं, त्यांतल्या सात बायका. पुण्याच्या ज्या मोठ्या कंपनीला माल जातो, तिनं यंदा अट घातली की सुरक्षेचा माणूस पाहिजे, म्हणून मी. मालक वीरधवल, चाळिशीच्या आतले. सगळे त्यांना दादा म्हणतात. स्वतः फाटकापर्यंत घ्यायला आले, माझी ट्रंक उचलू लागले. आवाज इतका हळू की प्रेस चालू असताना ओठांकडं बघून समजून घ्यावं लागतं. कुणाचा पोरगा कितवीत आहे, कुणाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी आहे, सगळं तोंडपाठ. असा साहेब मला फौजेतसुद्धा दोनदाच मिळाला.

राहायला स्टोअरच्या वरची खोली. खाली प्रेसचा ठोका पडला की तांब्यातलं पाणी थरथरतं. मला बरं वाटलं. मुकाट जागेत मी कधी रमलोच नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवसांत सगळी मशीनं बघून झाली. चौदा त्रुटी काढल्या. दादांनी यादी उभ्या-उभ्या पूर्ण वाचली, दोनदा मान डोलावली आणि आज संध्याकाळपर्यंत सहा दूरही केल्या. उघड्या वायरी झाकल्या, आगीच्या बादल्यांत वाळू भरली, अंधाऱ्या कोपऱ्यात दिवा लावला.

प्रेस म्हणजे काय, ते हिला फोनवर समजावत होतो. वर एक जड पोलादी ठोकळा, त्याला रॅम म्हणतात. माणूस हातानं पत्र्याचा तुकडा त्याच्याखालच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, ठेवतो, हात काढतो, पायानं पायडल दाबतो. रॅम खाली येतो, तुकडा कापतो, वर जाऊन थांबतो. पुन्हा हात आत. दिवसाला अडीच-तीन हजार वेळा. ही म्हणाली, म्हंजी अडीच हजार वेळा वाघाच्या तोंडात हात. मी म्हटलं, वाघाला जाळी असते.

जाळ्या आहेतही. सहाही मशीनचे गार्ड स्टोअरमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेत, कोरे करकरीत. फोरमन आकाराम म्हणाला, गार्ड लावला की हात अडतो, हात अडला की माल निम्म्यावर येतो. तपासणीच्या दिवशी लावायचे, मग काढायचे. आकाराम रहिमतपूरचा, तीस वर्षं प्रेसवर. कमी बोलतो, बोलताना दुसरीकडं बघतो.

राहिलेल्या आठ त्रुटींत सगळ्यात मोठी चार नंबरची. जुनी प्रेस, सेकंडहँड आणलेली. ती कधीकधी ‘डबल मारते’, म्हणजे पायडल न दाबता रॅम आपोआप दुसऱ्यांदा खाली येतो. आकारामनं हे असं सांगितलं, जसं कोणी सांगावं की ही म्हैस लाथ मारते. दादा म्हणाले, आतला एक भाग झिजलाय, मागवलाय, येईल.

८ नोव्हेंबर, शनिवार

माणसांशी ओळख होतेय. दोन नंबरवर मंगल आहे, जतकडची. घरची मेंढरं, नवरा कळप घेऊन वर्षातले आठ महिने फिरतीवर असतो. ही दोन पोरींना घेऊन इथं खोली करून राहते. हात असा चालतो की बघत राहावं. मी गॉगल लावायला सांगितलं तर म्हणाली, “फौजी, तुमी बॉर्डरवर गोळ्या चुकवल्या, आता हितं बोटं चुकवा.” सगळ्या हसल्या. मीपण हसलो.

तीन नंबरवर धनाजी, तिशीचा, चुणचुणीत. सगळ्यांच्या वतीनं तोच बोलतो. त्यानं आज जेवणाच्या सुट्टीत चार नंबरचे फोटो काढले. गार्ड नसलेले, उघड्या डायचे. म्हणाला, कुठंतरी दाखवून ठिवतो, उद्या उपेगाला येतील. मी म्हटलं, विचार चांगला, पण कामावर मोबाईल बंद, नियम आहे.

दादांनी एक नवं काम दिलंय. रोज संध्याकाळी एक पान लिहून द्यायचं, शिस्तीची वही. कोणी नियम मोडला, कोण काय बोललं. म्हणाले, हवालदार, मला माझ्या माणसांचं सगळं कळायला हवं, मी एकटा कुठं-कुठं बघणार? हे काम मला येतं. आज लिहिलं: तिघं विनागॉगल. एक जण तंबाखू. धनाजीनं कामाच्या जागी मोबाईल वापरला, चार नंबरचे फोटो घेतले.

खरं तेच लिहिलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

भिंतीवर आठवड्याचा चार्ट लागला. कोण कुठल्या मशीनवर, ते दादा स्वतःच्या हातानं लिहितात, अक्षर मोत्यासारखं. धनाजी तीनवरून चारवर. तो चार्टपुढं जरा जास्तच वेळ उभा राहिला. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, काही विचारायचंय. मी थांबलो, पण तो गेला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अकरा वाजून वीस मिनिटं. मी स्टोअरमध्ये होतो. सहा प्रेसच्या आवाजात एक आवाज कमी झाला, एवढंच आधी कळलं.

धनाजी स्टुलावर ताठ बसला होता. ओरडला नाही. उजवा हात डायमध्ये, रॅम त्याच्यावर, आणि तो आपल्या हाताकडं असं बघत होता, जसं दुसऱ्या कुणाचं काहीतरी बघतोय. आकारामनं फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, हातानं उलटं फिरवून रॅम वर घेतला. अंगठा राहिला. चार बोटं खालीच चिकटली होती, पत्र्याच्या तुकड्यासकट, चपटी. तुकडा बरोबर कापला गेला होता.

मी पट्टी बांधली, हात वर धरला. फौजेत हे केलंय. बोटं स्वच्छ फडक्यात गुंडाळून बर्फात ठेवायची असतात. मी भामाबाईला फडकं मागितलं, ती झाडलोट करते. तिनं ते हातात देऊन भुसा आणला आणि जमिनीवर टाकायला लागली. बर्फासाठी मी कुणाला तरी ओरडलो. दादा आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, घाई नको, गाडी काढलीय, ओळखीचे डॉक्टर आहेत. धनाजीला स्वतः धरून गाडीत बसवलं, त्याच्या बायकोला स्वतः फोन केला. फडकं गाडीत गेलंच नाही. मी ते हातात धरून फाटकात उभा होतो.

परत आलो तर आकाराम डाय पुसत होता. सव्वाबाराला चार नंबर पुन्हा चालू झाली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अपघाताचा अहवाल माझ्या सहीनं जाणार. दादांनी मसुदा टाईप करून ठेवला होता. यंत्र सुस्थितीत. कारण: कामगाराचा निष्काळजीपणा, हात आत असताना पायडल दाबलं. मी म्हटलं, दादा, ती डबल मारते. ते म्हणाले, तुम्ही होता तिथं? नव्हतो. मग तुम्ही बघितलेलं लिहा, हवालदार. ऐकलेलं नको.

हे बरोबरच होतं. मी बघितलं नव्हतं. सही केली.

जेवण गेलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

धनाजीला भेटून आलो. मोसंबी नेली होती. ती सोलायला कुणी नव्हतं, मीच सोलून दिली. तो चिडला नाही. फक्त म्हणाला, “पाय पायडलवर नव्हता, सायेब. आयची आण. पाय मी स्टुलाच्या दांडीवर घेतला हुता.” मग विचारलं, “फोटोचं दादांना कुणी सांगितलं?”

मी म्हटलं, माहीत नाही.

त्यानं मोसंबीची फोड डाव्या हातानं तोंडात घातली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आकारामला गाठलं. म्हटलं, झिजलेला भाग कधी येणार तो येवो, तोवर मी चार नंबर उघडून बघतो. मी मेकॅनिक आहे. तो नको-नको म्हणत होता. शेवटी त्यानंच कव्हर काढलं. पायडल दाबलं की फिरत्या फ्लायव्हीलला शाफ्टशी जोडणारा एक तुकडा असतो, बोटाएवढा, अर्धगोल, पोलादी. त्याला चावी म्हणतात. एका ठोक्यानंतर चावी सुटली पाहिजे. हिची कड इतकी झिजलीय की कधी सुटते, कधी नाही. दोन तासांचं काम. नवी चावी बसवली की झालं.

मी विचारलं, मागवलीय ती कुठवर आली?

आकाराम कव्हर लावत राहिला. मग सांगितलं. नवी चावी दोन वर्षांपूर्वीच आलीय. दादांच्या टेबलाच्या खालच्या खणात आहे, तेलाच्या कागदात गुंडाळलेली. खण उघडाच असतो.

मी म्हटलं, मग बसवत का नाही?

“मालकाला ती अशीच पायजे,” तो म्हणाला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

विश्वास बसला नव्हता. आज स्टोअरच्या कपाटात अपघातांची फाईल सापडली. नऊ वर्षांत अकरा. अकराही चार नंबरवर. अकराही ‘कामगाराचा निष्काळजीपणा’.

त्याच्याखाली शिस्तीच्या जुन्या वह्या. माझ्या आधी ही वही लिहिणारे दोघं होते, दोन वेगळी अक्षरं. तारखा जुळवल्या. एका बाईनं संडासाला कडी नाही म्हणून आरडाओरडा केला, वहीत नोंद, पुढच्या सोमवारी चार नंबर, नवव्या दिवशी दोन बोटं. एकानं जत्रेला न सांगता दांडी मारली. एक जण म्हणाला, आपण सगळ्यांनी मिळून बोललं पाहिजे. ती नोंद एका ओळीची आहे. त्याचा पंजा गेला.

प्रत्येक वेळी लागलंच असंही नाही. काही जण महिना-महिना बसून सुटले. चार नंबर मारते तेव्हा मारते. दादा फक्त बसवतात.

मग माझी वही काढली. ८ नोव्हेंबर. माझं अक्षर.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसात जाऊन दादांना सरळ विचारलं. मला वाटलं होतं, ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दार लावलं, चहा सांगितला, माझ्या कपात साखर स्वतः ढवळली.

म्हणाले, “हवालदार, मी आजवर कुणावर हात उचलला नाही. कुणाला काढूनही टाकलं नाही. मी फक्त चार्ट लावतो.”

मी म्हटलं, चावी खणात आहे.

ते म्हणाले, आहे ना. ती बसवली तर मग ह्या एकोणीस माणसांना मी धाकात कशानं ठेवू? शिव्यांनी? माझ्या वडलांनी शिव्या दिल्या, लोकांनी दोनदा कारखाना बंद पाडला. आता नऊ वर्षं एक दिवस बंद नाही. कुणाला काही सांगावं लागत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

सगळ्यांना माहीत आहे. मंगलला, भामाबाईला. मलाच नव्हतं.

मग माझा कप पुढं सरकवत म्हणाले, “आणि तुमच्या वहीशिवाय मला धनाजीचं कसं कळलं असतं?”

मी तक्रार करणार म्हटलं. त्यांनी अहवालाची प्रत दाखवली. यंत्र सुस्थितीत. खाली माझी सही, हुद्दा, सैन्यातला नंबरसुद्धा.

चहा पिऊन टाकला. का प्यायलो, माहीत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वही कोरी दिली. पानावर फक्त तारीख. दादांनी बघितलं, मिटली, हसले. म्हणाले, ठीक आहे, मग ह्या वेळी मीच ठरवतो.

चार्ट बदलला. चार नंबर, मंगल.

तिनं काहीच केलं नव्हतं. म्हणूनच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर तिच्याजवळ, मेन स्विचवर हात ठेवून उभा. तुकडा ठेवायला चिमटा दिला. दादा येऊन चिमटा घेऊन गेले. म्हणाले, मालावर ओरखडे पडतात. तिला खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, ठाव हाय. मी म्हटलं, सोडून जा. तर म्हणाली, “कुटं जाऊ? ह्या लायनीत सगळे दादाच्या वळखीचे. पोरींची शाळा हितं हाय.” मग म्हणाली, “तुमी नका उबं राहू, फौजी. तुमी बघाय लागला की माझा हात थरथरतोय.”

चार वाजून दहा मिनिटांनी डबल मारलं. तिचा हात बाहेर होता. तुकड्यावर दोन खुणा उठल्या. तिनं तो तुकडा उचलून मला दाखवला आणि हसली. ते हसू मला नको होतं.

स्विच दाबेपर्यंत ठोका पडून गेला होता. माझ्या उभं राहण्याचा काही उपयोग नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सांगलीला कारखाने तपासणाऱ्या सरकारी कचेरीत जाऊन लेखी अर्ज दिला. साहेबांनी नीट ऐकलं, मध्ये बोलले नाहीत. भला माणूस वाटला. शुक्रवारी स्वतः येतो म्हणाले. परत येताना उसाच्या ट्रॉल्यांमागं बस अर्धा तास अडकली. तेवढा अर्धा तास छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दादांना आधीच कळलं होतं. कसं, ते माहीत नाही. मी मंगलशिवाय कुणाला बोललो नव्हतो. बसस्टॉपवर कुणी बघितलं असेल.

सकाळी सातला गार्ड लागले, हेल्मेटं आली, आकारामनं नवी चावी बसवली. माझ्यासमोर. साहेब अकराला आले. कसून बघितलं. चार नंबरवर स्वतः बसून शंभर ठोके मारले. एकदाही डबल नाही. मी म्हटलं, साहेब, आज सकाळी बदललीय. दादा हळू आवाजात म्हणाले, हवालदारांच्या सूचनेवरूनच बदलली, आम्ही त्यांचे आभारी आहोत. साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. मंगलला विचारलं, काही त्रास? तिनं माझ्याकडं बघितलं, दादांकडं बघितलं, म्हणाली, न्हाई.

साहेबांनी त्यांचं काम केलं. समोर होतं ते लिहिलं.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तसा आकाराम पाना घेऊन खाली बसला. नवी चावी काढली. जुनी घातली. मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, “सोडा, सायेब. मी न्हाई बदलली तर चार नंबरवर मीच हाय.”

२९ नोव्हेंबर, शनिवार

दादांनी सांगितलं. रागानं नाही. वही पुन्हा सुरू करा. आठवड्याला एक नाव पुरे, कारण काहीही चालेल. नाव नसलं तर मंगल आहेच.

हिला फोन केला. ही म्हणाली, आत्ताच्या आत्ता निघून या. ट्रंक भरली. कुलूप लावलं. मग ट्रंकेवरच बसून राहिलो. मी गेलो तर सोमवारी ती बसणार. माझ्या कोऱ्या पानामुळं ती बसली.

ट्रंक उघडली.

३० नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. कारखान्यात कोणी नाही. खोलीची किल्ली आणि शटरची किल्ली एकाच जुडग्यात आहे. दुपारी खाली उतरलो, ऑफिसच्या खणातून चावी घेतली, कव्हर खोललं, नवी बसवली. पावणेदोन तास. स्प्रिंगपण ताणून घट्ट केली. जुनी चावी बसनं सांगलीला जाऊन, कृष्णेच्या पुलावरून नदीत टाकून आलो. मग मशीन चालवून दोनशे ठोके मारले. एक पायडल, एक ठोका.

बावीस वर्षांत अशी दुरुस्ती केली नाही. लेकीशी अर्धा तास बोललो.

१ डिसेंबर, सोमवार

दहा वाजता दादा खाली आले. मंगलशेजारी उभं राहून ठोके ऐकत राहिले. त्यांना आवाजावरून कळलं. म्हणाले, छान काम केलंत, हवालदार. मग एवढा भरवसा आहे तर तुम्हीच बसा. मंगल, तू दोन नंबरवर जा.

मी बसलो. आनंदानं बसलो. माझ्या हातची दुरुस्ती होती.

जेवणाच्या सुट्टीत वर आलो. परत गेलो तर आकाराम चार नंबरजवळून उठत होता. हात तेलकट. कव्हरला कुलूप.

दादा म्हणाले, जुन्या चाव्या अजून आहेत, मी काही टाकून देत नाही. बदलली असेल. नसेलही. आकारामला विचारू नका, त्याला सांगायची परवानगी नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा उठा. मंगल आहेच. किंवा एक पान लिहा.

दुपारी चौदाशे ठोके मारले. मोजले.

२ डिसेंबर, मंगळवार

हात आत. हात बाहेर. पायडल. प्रत्येक वेळी आत नेताना बोटं आखडतात. दादा येऊन म्हणाले, वेग कमी पडतोय. ऐकायचा प्रयत्न करतो. नव्या चावीचा आवाज कोरडा असतो. हा कोरडा आहे का? पाच प्रेसच्या आवाजात —

आकारामच्या तोंडाकडं बघतो. तो बघत नाही.

धनाजी कारखान्यावर आला होता. दादांनी त्याला फाटकावर राखणदार ठेवलंय. सगळे म्हणाले, दादा किती करतात. त्यानं मला पाहून सलाम केला. अंगठ्यानं.

संध्याकाळी घास तोंडात नेताना हात अर्ध्यावर थांबला. ठोक्याची वाट बघत.

३ डिसेंबर, बुधवार

एकवीसशे. डबल नाही.

मग नवी असेल. किंवा अजून मारलं नसेल. धनाजीला तीन दिवस मारलं नव्हतं.

चहाच्या वेळी मंगल बाजूला घेऊन गेली. पदराआड मोबाईल. शुक्रवारी साहेबांची गाडी गेल्यावर आकाराम चावी काढतोय, दादा उभे आहेत, सगळं चित्रीकरण. आवाजासकट. तिनं डब्यात फोन ठेवून घेतलंय. शनिवारी तिचा भाऊ जतहून येतोय, त्याच्यासंगं थेट साहेबांकडं जाणार. म्हणाली, “कुणालाबी बोलली न्हाई, तुमालाच. तीन दिस कळ काढा, फौजी.”

तीन दिवस. साडेसात हजार ठोके.

मी तिला म्हटलं, वाघीण आहेस. रडू आलं. तिनं पाठीवर हात फिरवला, धाकट्या भावाच्या फिरवावा तसा.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी साडेनऊ. मारलं.

हात बाहेर होता. वीतभर. वाऱ्याचा झोत मनगटाला लागला. पायडलवर पाय नव्हता, नव्हता, मी खाली बघितलं, नव्हता —

जुनी आहे. आत जुनी आहे.

उठलो. दादा तिथंच उभे. हळू म्हणाले, उठलात? मंगल, ये गं. ती स्टुलावरून उतरून पदर खोचत यायला निघाली. मी पुन्हा बसलो. ती परत गेली. जाताना मला हात जोडले.

जेवायची सुट्टी. डबा उघडला नाही. सकाळी सातशे झाले. अजून चौदाशे आज. मग उद्या. मग शनिवारी दुपारपर्यंत. भाऊ आला तर. गाडी चुकली तर. साहेब सुट्टीवर असले तर —

लेकीचा फोन. घेतला नाही. काय बोलणार.

संध्याकाळ. अजून आहेत. दहाही. मोजली. पुन्हा मोजली.

दुपारी दोनदा मारलं. दुसऱ्यांदा नखाला लागलं. नुसतं नख. काळं पडलंय. मी ओरडलो नाही, पण विजार ओली झाली. भामाबाईनं बघितलं आणि न सांगता भुसा आणून टाकला.

उद्या मी बसू शकत नाही. बसू शकत नाही. फौजेत मी कधी मागं — फौजेत समोर माणूस असतो. माणसाला दया येते, माणूस चुकतो, झोपतो.

दादा वर आले होते. खोलीत. पहिल्यांदाच. नखावर लावायला स्वतः मलम आणलं. शिस्तीची वही टेबलावर ठेवली. म्हणाले, उद्यापासून चार्ट बदलतोय, अजून लिहिला नाही, थांबतो खाली. काही मोठं असेल तर एकाच पानात तुमची कायमची सुटका. गेट, स्टोअर, काहीही. प्रेस नाही.

एखादं छोटं नाव टाकतो. भामाबाई. नाही, ती प्रेसवर बसत नाही, ते नाव चालणार नाही. तंबाखूवाला. तो तर — तंबाखू काय, त्यांना मोठं पाहिजे. मोठं एकच आहे माझ्याकडं.

तिच्या हाताला सवय आहे. तिला तीन आठवडे मारणारही नाही कदाचित. काही जण महिना-महिना सुटलेत, फाईलमध्ये आहे. आणि तिलाच मारेल असं कुठं आहे. मी तर फक्त लिहिणार. बसवणार ते.

त्या वहीत खाडाखोड नको. आधी इथं लिहून बघतो, मग उतरवतो.

दि. ४ डिसेंबर. प्रेस क्र. २ वरील मंगल हिच्या मोबाईलमध्ये शुक्रवारचं चित्रीकरण आहे. मोबाईल ती जेवणाच्या डब्यात ठेवते. शनिवारी सकाळी तिचा भाऊ जतहून —